एटीव्ही उभी असताना बिघडते : गोव्यातल्या नव्या मालकांसाठी देखभालीची वाट

आमची काजूची बाग वाळपईच्या पुढे डोंगरावर आहे. बोंडूंचे डबे डोक्यावरून खाली आणता आणता वडिलांचे गुडघे गेले, म्हणून मी एक जुनी 250 सीसीची एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी चार जाड चाकांची गाडी, घेतली. पहिला हंगाम ती बैलासारखी राबली. मे संपला, मिरग लागला, मी तिच्यावर ताडपत्री घट्ट बांधली आणि निर्धास्त झालो. दसऱ्याला पूजेसाठी ताडपत्री सोडली, सेल्फ मारला, तर नुसता टक्क असा आवाज. बॅटरी मेलेली, कार्ब्युरेटर चोंदलेला, मागचा ब्रेक गंजून डिस्कला चिकटलेला आणि एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात, उंदराने सोडणाच्या काथ्याचे घरटे केलेले. मीटरवर मात्र मे महिन्यातलाच आकडा. चार महिने गाडी जागची हलली नव्हती.

गाडी टेम्पोत घालून म्हापशाला नेली. तिथल्या वयस्क मेस्त्रींनी ताडपत्रीची आतली बाजू बघितली, तिच्यावर पांढरी बुरशी चढली होती. ते म्हणाले, "पोरा, ही पावसात भिजून बिघडली नाही रे, ताडपत्रीत घामेजून बिघडली." त्या दिवसापासून मी देखभालीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. गोव्यात एटीव्हीचे खरे नुकसान चालवून झाल्यावर, ती ओली, चिखलाने माखलेली, खाऱ्या वाऱ्यात उभी असताना होते. म्हणून या लेखात चालवण्यापेक्षा उभी करण्याबद्दल जास्त सांगणार आहे.

आधी आपली गाडी कुठल्या जातीची ते बघा

ढोबळ मानाने दोन जाती. 110 ते 250 सीसीच्या लहान गाड्या बहुतेक कार्ब्युरेटरच्या, चेनवर चालणाऱ्या, मागे एकसंध धुरा असलेल्या. त्यांचे इंजिन बहुधा हवेने थंड होते. 400 सीसीच्या पुढच्या मोठ्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन, रेडिएटर, बेल्टवर चालणारे ऑटोमॅटिक गिअर, चारही चाकांना ओढ देणारे शाफ्ट आणि पुढेमागे गिअरचे वेगळे डबे असतात. लहान गाडीचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि पान्याने सुटतो. मोठी गाडी कमी बिघडते, पण बिघडली की खर्चात पाडते. आपल्याकडे काय आहे हे नीट कळल्याशिवाय पुढचे काही वाचून उपयोग नाही. मॅन्युअल नसेल तर आधी ते मिळवा.

जुनी गाडी घेत असाल तर रंग आणि टायर शेवटी बघा. आधी एअर फिल्टरचे झाकण उघडा, फिल्टर काढा आणि फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळीत बोट घालून फिरवा. बोटाला बारीक लाल भुकटी लागली तर सौदा तिथेच सोडा. ती भुकटी जांभ्याची आहे, सिलिंडरमध्ये गेलेली आहे, आणि मालकाने कितीही सांगितले तरी त्या इंजिनच्या रिंगा घासलेल्या आहेत. नंतर पुढचे एकेक चाक उचलून घ्या. वर आणि खाली धरून हलवल्यावर खटखटले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला, डावी-उजवीकडे धरून खटखटले तर स्टिअरिंगचा टाय रॉड सैल. ऑईलची दांडी काढून रंग बघा. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा. आपण पोचायच्या आत मालकाने गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

पैसे द्यायच्या आधी सुटे भाग कुठून येतात ते विचारा. बेल्ट, फिल्टर, ब्रेक पॅड आणि पेट्रोल फिल्टर गाडीबरोबरच घेऊन ठेवा. इथे बसून एखादा खास बेल्ट मागवला तर हंगाम निघून जातो. बेअरिंगचे तसे नाही. बहुतेक बेअरिंगवर 6204, 6205 असा नंबर कोरलेला असतो. तो नंबर घेऊन मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात गेलात तर चांगल्या कंपनीचे बेअरिंग मिळते. गाडीच्या डीलरकडेच ते मिळेल असे धरून बसू नका.

पहिले वीस तास आणि एक वही

एटीव्हीची देखभाल किलोमीटरवर मोजत नाहीत, इंजिनाच्या तासांवर मोजतात. डोंगरावर लो गिअरमध्ये गाडी दोन तास राबते आणि मीटरवर आठ किलोमीटर दिसतात. बऱ्याच गाड्यांना तासांचे मीटर असते. नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचे छोटे मीटर स्वस्तात मिळते, ते लावा. आणि तास व केलेली कामे लिहायला शंभर पानी वही आणा.

नवीन गाडी असेल तर पहिल्या वीसेक तासांत पूर्ण रेस देऊ नका आणि एकाच वेगात तासभरही चालवू नका. त्यानंतर ऑईल बदला. पहिल्या ऑईलमध्ये चांदीसारखी बारीक चमक दिसली तर घाबरू नका, नव्या भागांची घासण असते ती. पुढे लहान गाडीला 25 ते 50 तासांनी आणि मोठीला मॅन्युअलप्रमाणे, साधारण 50 ते 100 तासांनी. चिखलपाण्यात किंवा धुळीत काम असेल तर आकडा निम्म्यावर आणा. लहान गाड्यांत क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, तिथे मोटरसायकलचे, जासो एमए लिहिलेले ऑईल घाला. कारचे गुळगुळीत ऑईल घातले की क्लच घसरायला लागतो.

चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर लगेच आवळा, आणि चाक काढले की प्रत्येक वेळी पुन्हा. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीचे मागचे चाक उतारावर नट सैल होऊन डगमगले होते. सुदैवाने त्याचा वेग चालण्याइतकाच होता.

निघताना दोन मिनिटे

इथे जास्त लिहायला नको. टायर, ब्रेक, ऑईल, पेट्रोल, दिवे, चेन. एवढेच, पण रोज. टायरबद्दल मात्र एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण 4 ते 7 पीएसआय एवढीच हवा असते. पंक्चरवाल्याचा नेहमीचा मीटर इतक्या खाली नीट दाखवत नाही, आणि त्याच्या सवयीने 25 भरली तर गाडी दगडावरून चेंडूसारखी उडते. कमी दाबाचा छोटा मीटर स्वतःजवळ ठेवा. दोन्ही बाजूंची हवा सारखी नसेल तर गाडी एकीकडे ओढते, आणि आपण उगाच स्टिअरिंगला दोष देत बसतो.

हेल्मेट घाला. एकासाठी बनवलेल्या गाडीवर दुसरा बसवू नका. मोठ्यांसाठी बनवलेल्या गाडीला मुलांना हात लावू देऊ नका. उतारावर गाडी आडवी घालू नका, एटीव्ही बऱ्याचदा तिथेच उलटते. आणि किनाऱ्यावर नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे. रजिस्ट्रेशन नसलेली एटीव्ही डांबरी रस्त्यावर आणता येत नाही, आणि म्हादई, नेत्रावळीसारख्या अभयारण्यांत तर विनापरवाना जायचेच नाही.

लाल धूळ आणि एअर फिल्टर

मार्च ते मे, काजूच्या दिवसांत, डोंगराची वाट नुसती पिठासारखी होते. चाक फिरले की ती भुकटी उडते आणि सीटखालच्या एअर बॉक्सकडे ओढली जाते. या तीन महिन्यांत गाडीचे आयुष्य एअर फिल्टर ठरवतो. बाकी सगळे भाग मागाहून सुधारता येतात, सिलिंडरच्या भिंतीवर पडलेले ओरखडे परत भरून येत नाहीत.

बहुतेक एटीव्हींना फोमचा फिल्टर असतो. धुळीच्या दिवसांत दर फेरीला उघडून बघा आणि आठ-दहा तासांनी धुवा. आधी रॉकेलमध्ये बुडवून दाबून काढा. कापड पिळतात तसा पिळू नका, शिवण उसवते. पेट्रोलने धुऊ नका, त्याने चिकटवलेले सांधे सुटतात आणि आगीचा धोका वेगळा. मग साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, स्वच्छ पाण्याने खळबळा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर फोम फिल्टरचे चिकट तेल सगळीकडे सारखे लागेपर्यंत हाताने मुरवा. ते तेलच धूळ पकडते. कोरडा फोम लावून फिरणारे कितीतरी जण मी बघितले आहेत, त्यांचा फिल्टर दिसायला स्वच्छ असतो आणि धूळ आरपार जात असते. शेवटी फिल्टरच्या कडेला, जिथे तो बसतो तिथे, ग्रीसची पातळ रेघ ओढा, म्हणजे बाजूने हवा ओढली जाणार नाही.

कागदी फिल्टर असेल तर धुऊ नका. हलका आपटा, आतून बाहेर हळू हवा मारा आणि काळवंडला की बदला.

एक जादा फिल्टर तेल लावून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तयार ठेवा. दुपारी फिल्टर भरला तर संध्याकाळची फेरी बुडत नाही.

परत आल्यावरचा अर्धा तास

हा अर्धा तास चुकवू नका, बाकी सगळे थोडेफार मागेपुढे झाले तरी चालेल.

गाडी आल्या आल्या पाणी मारू नका. तापलेल्या इंजिनावर आणि ब्रेकवर गार पाणी पडले तर धातू आकसतो, सील आत पाणी ओढतात. पंधरा मिनिटे थांबा. मग बागेच्या साध्या नळीने, हळू दाबाने, खालून सुरू करा. चिखल मऊ होऊ द्या आणि ब्रशने काढा. पत्र्याच्या खालच्या ढालीवर, मागच्या धुऱ्याभोवती, शॉकच्या खाली चिखल साठतो आणि आठवडाभर ओला राहतो, गंज तिथून सुरू होतो. रेडिएटर असेल तर त्याच्या पट्ट्या मागच्या, पंख्याच्या बाजूने पाणी मारून मोकळ्या करा. समोरून जोरात मारलेत तर चिखल आत ठासला जातो आणि पट्ट्या वाकतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिनांमधला चिखलही काढा, तो राहिला तर इंजिन भट्टीसारखे तापते.

प्रेशर वॉशरपासून गाडी लांब ठेवा. मी एकदा एका गॅरेजमध्ये सर्व्हिसला दिली होती. तिथल्या पोराने मोठ्या कौतुकाने प्रेशरने चकाचक धुऊन दिली. महिन्याभरात मागच्या धुऱ्याचे दोन्ही बेअरिंग किरकिरायला लागले. उघडले तर आत ग्रीसच्या जागी पातळ, तांबूस लगदा. सीलच्या ओठातून पाणी आत गेले होते आणि बाहेर यायला वाट नव्हती. तेव्हापासून गाडी कुठेही दिली तरी धुऊ नका असे आधीच सांगतो.

धुतल्यावर सुकवायचे असते, आणि आपल्याकडे बहुतेक जण इथेच सोडतात. इंजिन सुरू करून दहा मिनिटे अंगणात फिरवा, ब्रेक पाच-सहा वेळा हळू दाबा म्हणजे पॅड कोरडे होतात. चेन अजून कोमट असताना चेनचे तेल मारा आणि जादाचे फडक्याने पुसून घ्या, नाहीतर धूळ बसून तिचा सँडपेपर होतो. कनेक्टर, स्विचच्या फटी, केबलची टोके यांवर गंजरोधक स्प्रे मारा. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर मात्र थेंबही जाऊ देऊ नका.

किनारपट्टीवर, मांद्रे, मोरजी, आगोंदसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी गाडी वापरली नाही तरी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावी. खारा वारा दिसत नाही, पण सकाळी सीटवरून हात फिरवलात तर चिकटपणा लागतो. तोच थर नट-बोल्टवरही असतो. खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांच्या, बांधावरून फिरणाऱ्यांनी तर दुप्पट सांभाळावे. उन्हाळ्यात भरतीचे खारे पाणी नदीतून बरेच आत येते, म्हणून ओहोळाचे पाणी दिसायला नदीचे असले तरी चाखायला खारट निघते.

पाण्यातून जाताना, आणि गेल्यावर

आधी दोन गोष्टी शोधून ठेवा: इंजिन हवा कुठून घेते, आणि बेल्टच्या डब्याची हवेची नळी कुठे संपते. पाणी त्या उंचीच्या बरेच खाली असेल तरच उतरा. शंका असेल तर गाडी काठावर ठेवा.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. मारावासा वाटेल, पण हात आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग इंजिन उतरवावे लागते. ढकलून काठावर आणा. प्लग काढा, मग सेल्फ किंवा किक मारा, भोकातून पाणी फवारल्यासारखे बाहेर येईल. एअर बॉक्सच्या खालची बूच असलेली नळी मोकळी करा, कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून वाटी रिकामी करा, फिल्टर काढून वाळवा. मग ऑईलची दांडी बघा. ऑईल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. तसेच घरापर्यंत चालवत नेऊ नका. ऑईल काढा, स्वस्त ऑईल घाला, काही मिनिटे चालवा, पुन्हा काढा. रंग मूळचा दिसेपर्यंत हे करा, दोन-तीन वेळा तरी लागतात. मग चांगले ऑईल आणि नवा ऑईल फिल्टर.

मोठ्या गाडीत पुढच्या-मागच्या गिअरच्या डब्यांतले ऑईलही बघा. चालून तापलेला डबा गार पाण्यात बुडतो तेव्हा आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. असे होऊ नये म्हणून डब्याला वर नेलेली हवेची नळी असते. कुंभारमाशी त्या नळीच्या तोंडात मातीचे घर करते. वर्षातून दोनदा ती नळी फुंकून मोकळी आहे ना ते बघा.

बेल्टच्या डब्यात पाणी गेले की रेस वाढते आणि गाडी हलत नाही. खालची बूच काढून पाणी काढा, गाडी न्यूट्रलला टाका आणि मिनिट-दोन मिनिटे रेस देऊन बेल्ट सुकू द्या. ओल्या बेल्टवर तशीच ओढत नेली तर तो घासून चकचकीत होतो आणि नंतर कोरडा असतानाही घसरतो. ओझे घेऊन चढ चढताना नेहमी लो गिअर टाका. रबर जळल्याचा वास आला की थांबा, थंड होऊ द्या.

चाकांच्या आतल्या बाजूला रबरी भाते असतात, त्यांना सीव्ही बूट म्हणतात. काजूच्या खुंटाने ते फाटतात. आत भरलेले ग्रीस रिमवर शिंतडलेले दिसले की समजा. त्याच दिवशी बूट बदललात तर काम थोडक्यात निभावते, महिनाभर तसेच चालवलेत तर अख्खा सांधा जातो.

डोंगरावर गाडी सुरूच होत नाही तेव्हा

घाबरून पाना हातात घेऊ नका. आधी हँडलवरचा लाल किल स्विच बघा. नवख्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. मग मनगटाला बांधायची, निघाली की इंजिन बंद करणारी दोरी नीट बसली आहे का, गाडी न्यूट्रलला आहे का, ब्रेकचा लिव्हर दाबलेला आहे का आणि पेट्रोलचा कॉक उघडा आहे का ते बघा.

सेल्फ मारताना दिवे मंदावत असतील तर बॅटरी. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना बॅटरीला 12.6 ते 12.8 व्होल्ट हवेत. 12.4 च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना आकडा 10 च्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचा जीव संपत आला आहे. गाडी चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 दिसले पाहिजे. दिसत नसेल तर नवी बॅटरी घालूनही चार दिवसांत तीच गत होईल, चार्जिंगचा दोष शोधावा लागेल. आकडे चांगले असूनही सेल्फ फिरत नसेल तर बॅटरीची टोके आणि फ्रेमला लावलेली अर्थिंगची काळी वायर काढा, पॉलिश पेपरने घासा, पुन्हा आवळा. आपल्या दमट हवेत त्या जोडावर हिरवट-पांढरी खार चढते आणि करंट अडतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन फ्लड झाले आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जादा गेले आहे: प्लग वाळवा, पूर्ण रेस धरून काही वेळ फिरवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. नवा प्लग कायम सीटखाली ठेवा, तो घालून बघणे हा सगळ्यात सोपा तपास.

व्हॉल्व्हचे गॅप, बेल्टच्या क्लचची पुली आणि इंजेक्शनची संगणकी तपासणी ही कामे मात्र जाणकार मेस्त्रींकडेच द्या.

मिरगाच्या आधीचा एक दिवस

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण दिवस गाडीसाठी राखून ठेवा. माझा क्रम असा आहे.

सकाळी गाडी धुऊन उन्हात कडकडीत वाळवतो. दुपारी ऑईल बदलतो. जुने ऑईल वापरून संपलेले असते, त्यातले आम्ल आणि ओलावा चार महिने बेअरिंगांना खातात, म्हणून ऑईल साठवणीआधी बदलायचे, नंतर नाही. सगळ्या ग्रीस निपलमध्ये जुने ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस गन मारतो.

मग पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की ते दोघे मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कार्ब्युरेटरच्या वाटीत हे झाले की पायलट जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीचे, केसाएवढे भोक बुजते. म्हापशाला माझी वाटी उघडली तेव्हा तळाला हिरवट, खडीसाखरेसारखी खडबडीत खार होती, आणि जेट उजेडाकडे धरले तर आरपार काहीच दिसत नव्हते. आता मी टाकी रिकामी करतो, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो आणि मग वाटीचा स्क्रू सोडून शेवटचे थेंब काढतो. बहुतेक एटीव्हींची टाकी प्लास्टिकची असते, रिकामी ठेवली तरी गंजत नाही. इंजेक्शनच्या गाडीला उलटे करायचे: टाकी काठोकाठ भरून त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन, घालायचे आणि दहा मिनिटे चालवायची, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचते.

बॅटरी काढून घरात, कोरड्या जागी, आणि महिन्यातून एकदा चार्जिंगला. पार्किंग ब्रेक सोडून ठेवायचा, लावून ठेवला तर पॅड चिकटतात. चारही बाजूंनी गाडी चिऱ्यांवर चढवून चाके जमिनीपासून अधांतरी करायची. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचे फडके आणि एअर बॉक्सच्या तोंडाला बारीक जाळी, उंदरांसाठी. फडके आहे हे दसऱ्याला विसरू नये म्हणून हँडलला लाल चिंधी बांधतो. गाडीच्या आसपास सोडणे, काजूच्या बिया, भाताची पोती ठेवत नाही.

आणि झाकण. ताडपत्री गाडीवर नको, गाडीच्या वर हवी. चार खांबांना ताणून बांधा, चारही बाजूंनी वारा खेळू द्या. गाडीवर घालायचीच असेल तर जुनी सुती चादर घाला.

पावसात दर पंधरा दिवसांनी जाऊन चाके हाताने फिरवा, ब्रेक दाबा, हँडल दोन्हीकडे वळवा, वायरी कुरतडल्या आहेत का ते बघा. काही जण गाडी बांधून न ठेवता मधूनमधून सुरू करतात. तेही चांगले, पण मग वीस मिनिटे तरी नीट तापवून चालवा. दोन मिनिटे सुरू करून बंद केली तर इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये वाफ धरते आणि तिचे पाणी आतच राहते. तसे करण्यापेक्षा न केलेले बरे.

दसऱ्याला उघडताना

लाल चिंधी दिसली की आधी सायलेन्सरचे फडके काढा, मग जाळी. एअर बॉक्स उघडून आत हात घाला. ब्रेक ऑईलची वाटी बघा. तेही हवेतला ओलावा धरते, रंग काळपट झाला असेल किंवा दोन वर्षे झाली असतील तर बदला, डब्यावर डॉट 3 की डॉट 4 लिहिले आहे ते वाचून. चार्ज केलेली बॅटरी बसवा, आधी लाल वायर, मग काळी. टायरची हवा भरा, ताजे पेट्रोल घाला, कॉक उघडून दोन मिनिटे गळती कुठे आहे का ते बघत थांबा. सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मध्ये विसावा द्या.

सुरू झाली की पहिली पाच मिनिटे रेस न देता ऐका. मग अंगणात एक फेरी, ब्रेक, पुन्हा एक फेरी. गाडी धुवा, चाकांचे नट आवळा, हार घाला, आणि वहीत नव्या पानावर तारीख, मीटरवरचे तास आणि आज काय काय बदलले ते लिहून ठेवा.